भरपाईच्या यादीत कोणाचे नाव?

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ईशान्येस, युगांडाच्या सीमेला लागून इतुरी नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतातील बोगोरो या गावावर २४ फेब्रुवारी २००३ रोजी पहाटे सशस्त्र टोळ्यांनी हल्ला केला. माणसे मारली गेली, घरे पेटवली गेली, गुरे हाकून नेली गेली. त्यानंतर चौदा वर्षे आणि एक महिना उलटल्यावर, २४ मार्च २०१७ रोजी, हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने या हल्ल्यातील २९७ पीडितांना प्रत्येकी २५० अमेरिकी डॉलर द्यावेत, असा आदेश दिला. त्या वेळच्या दराने ही रक्कम सोळा हजार रुपयांच्या आसपास होते. न्यायालयानेच तिला ‘प्रतीकात्मक’ म्हटले होते. तिच्या जोडीला घरबांधणी, शिक्षण, उपजीविका आणि मानसिक उपचार यांसाठी सामूहिक साहाय्याची तरतूदही होती.

आदेशातील हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. न्यायाधीशांनी बोगोरोच्या नुकसानीचा अंदाज बांधला तो साडेसदतीस लाख डॉलरचा. दोषी ठरलेल्या जर्मेन कटांगा याच्या वाट्याला त्यांपैकी दहा लाखांची जबाबदारी आली. कटांगाकडे पैसे नव्हते. म्हणून ही रक्कम न्यायालयाशी संलग्न असलेल्या ‘ट्रस्ट फंड फॉर व्हिक्टिम्स’ या पीडित निधीने भरली आणि वैयक्तिक रकमांसाठी नेदरलँड्सच्या सरकारने दोन लाख युरोंची देणगी दिली. म्हणजे गुन्हा एकाने केला, निकाल दुसऱ्याने दिला आणि पैसे तिसऱ्याने दिले. यात गैर काही नाही. निदान पैसे मिळाले. माझे लक्ष अडते ते २९७ या आकड्यापाशी.

न्यायालयापुढे ३४१ अर्ज विचारार्थ होते. प्रत्येक अर्ज न्यायाधीशांनी स्वतंत्रपणे तपासला. त्यांपैकी पाच अर्ज हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुलांचे होते. आईबापांनी जे भोगले त्याचा मानसिक आघात आपल्यापर्यंत पोहोचला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पिढ्यांतून वाहणारा असा आघात असू शकतो, हे न्यायाधीशांना अमान्य नव्हते. परंतु या पाच मुलांच्या बाबतीत त्या हल्ल्याशी असलेला कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही, असे त्यांनी ठरवले. प्रकरण अपिलात गेले, परत आले आणि जुलै २०१८ मध्ये पुन्हा तोच निष्कर्ष निघाला. अपील न्यायाधीशांनी तर एकेका अर्जाची अशी छाननी करण्याच्या पद्धतीवरच नापसंती नोंदवली, कारण तीत वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातो.

सरकारी नोकरीत ज्याने कधी भरपाईच्या याद्या केल्या आहेत, त्याला हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. पूर, दंगल किंवा आग यांनंतर जिल्हा प्रशासन पंचनामे करते, तेव्हा खरा संघर्ष रकमेवरून होत नाही, तो यादीवरून होतो. घर ज्याच्या नावावर असते त्याचे नाव यादीत येते. त्या घरात वीस वर्षे भाड्याने राहणाऱ्याचे येत नाही. ज्याचा मृतदेह सापडला त्याच्या विधवेला मृत्यूचा दाखला मिळतो. जो बेपत्ता झाला त्याची पत्नी वर्षानुवर्षे विधवाही ठरत नाही आणि सधवाही राहत नाही. अशा यादीवर मीही सह्या केल्या आहेत आणि त्या यादीत नसलेली माणसे कचेरीच्या व्हरांड्यात बसलेली पाहिली आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, ते बहुधा आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहून. कोणता हुकूमशहा पकडला गेला, कोणाविरुद्ध वॉरंट निघाले, कोणत्या महासत्तेने ते धुडकावले, यांची चर्चा होते. व्हरांड्यात बसलेल्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

इतिहास पाहिला तर हे पीडित फार काळ न्यायालयाच्या दालनात नव्हतेच. न्यूरेम्बर्गच्या खटल्यात अमेरिकी अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन यांचा भर नाझींच्याच कागदपत्रांवर होता. आरोपीची स्वतःची सही हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा होता. जिवंत राहिलेल्यांच्या साक्षींना तेथे दुय्यम स्थान मिळाले. टोकियोचा खटला आपण भारतीय न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांच्या असहमतीच्या निकालपत्रासाठी आठवतो आणि विजेत्यांच्या न्यायाविषयी त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न आजही शिळे झालेले नाहीत. परंतु त्याच खटल्यात जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या आशियाई स्त्रियांचा प्रश्न स्वतंत्र आरोप म्हणून आलाच नाही, ही गोष्ट आपण सहसा आठवत नाही. विजेते आणि पराभूत यांच्या त्या वादात तिसरा पक्ष गैरहजर होता. पीडितांना प्रथम ऐसपैस आवाज मिळाला तो १९६१ मध्ये जेरुसलेममधील आइखमनच्या खटल्यात, शंभरहून अधिक साक्षीदारांच्या तोंडून. तेथेही त्यांची भूमिका साक्षीदाराचीच होती.

युगोस्लाव्हियासाठी १९९३ मध्ये आणि रवांडासाठी १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जी न्यायाधिकरणे स्थापन केली, त्यांतही भरपाईचा अधिकार दिला गेला नाही. पीडिताने न्यायाधिकरणाचा निकाल घेऊन आपल्या देशातील न्यायालयात जावे, एवढीच सोय नियमांत होती. रवांडाच्या न्यायाधिकरणाने वीस वर्षांत ९३ जणांवर आरोप ठेवले. गावपातळीवरच्या ‘गचाचा’ पंचायतींनी त्याच काळात सुमारे वीस लाख प्रकरणे निकालात काढली. त्या पंचायतींच्या न्यायाबद्दल आक्षेप घेण्यासारखे बरेच आहे, पण शेजाऱ्याने शेजाऱ्याचे काय केले हे निदान त्या गावात उच्चारले गेले.

या पार्श्वभूमीवर १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे मंजूर झालेली संविधी खरोखरच वेगळी होती. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय जिच्यावर उभे आहे, त्या या संविधीच्या ६८व्या कलमाने पीडितांना खटल्यात आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार दिला, ७५व्या कलमाने भरपाईचा आणि ७९व्या कलमाने त्यासाठी स्वतंत्र निधीचा. पीडित हा आता अभियोक्त्याच्या हातातील पुरावा राहिला नाही; त्याला स्वतःचा वकील मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ मध्ये गुन्ह्यांतील पीडितांविषयी जो जाहीरनामा स्वीकारला होता, त्यातील तत्त्वांना येथे प्रथमच न्यायालयीन दात फुटले. फ्रेंच परंपरेतील न्यायव्यवस्थेत पीडित हा फौजदारी खटल्यातही पक्षकार असू शकतो, त्या परंपरेचा हा प्रभाव होता. ब्रिटिश पद्धतीत वाढलेल्या आपल्यासारख्या देशांतील वकिलांना ही कल्पना सुरुवातीला थोडी अवघडच वाटते.

अडचण निर्माण झाली ती एका साध्या दुव्यातून. संविधीप्रमाणे भरपाईचा आदेश हा ‘दोषी व्यक्तीविरुद्ध’ दिला जातो. म्हणजे भरपाई मिळण्यासाठी आधी कोणीतरी पकडला गेला पाहिजे, मग तो दोषी ठरला पाहिजे आणि ज्या विशिष्ट आरोपाखाली तो दोषी ठरला, त्याच आरोपातील तुम्ही पीडित असले पाहिजे. अभियोक्ता आरोपपत्र लिहितो तेव्हा तो आरोपीचे भवितव्य तर लिहितोच, पण नकळत पीडितांची यादीही लिहून टाकतो.

या न्यायालयाचा पहिला खटला त्याचे चांगले उदाहरण आहे. इतुरीतीलच एका सशस्त्र संघटनेचा नेता थॉमस लुबांगा याच्यावर एकच प्रकारचा आरोप ठेवण्यात आला, पंधरा वर्षांखालील मुलांना सैन्यात भरती करून लढायला लावल्याचा. मार्च २०१२ मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात भाग घेतलेल्या १२९ पीडितांपैकी बहुतेक हे माजी बालसैनिक आणि त्यांचे नातेवाईक होते. त्या मुलींपैकी अनेकींवर छावण्यांत बलात्कार झाल्याचे साक्षींतून समोर आले. पण आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा आरोपच नव्हता. पीडितांच्या वकिलांनी २००९ मध्ये तो समाविष्ट करून घेण्याचा प्रयत्न केला आणि अपील न्यायाधीशांनी तो फेटाळला.

त्याहून अवघड प्रश्न गावागावांत उभा राहिला. लुबांगाची संघटना प्रामुख्याने हेमा समाजाची होती. तिच्यातील बालसैनिक बहुतांशी त्याच समाजाचे. त्यांनी ज्या लेंडू वस्त्यांवर हल्ले केले, तेथील लोक या खटल्यात पीडित ठरू शकत नव्हते, कारण बालसैनिकांनी इतरांवर केलेले गुन्हे या आरोपाच्या कक्षेत येत नाहीत, असे न्यायालयाने स्पष्टच सांगितले. पुढे कटांगाचा खटला झाला तो बोगोरोवरील हल्ल्यासाठी; बोगोरो हे हेमा लोकांचे गाव आणि हल्लेखोर लेंडू व नगिती. परिणाम असा की इतुरीतील पहिल्या दोन्ही भरपाया मुख्यतः एकाच समाजाच्या वाट्याला गेल्या. लेंडूंच्या बाजूने पाहिले तर ज्यांनी आपली गावे जाळली, त्यांच्याच हाती पैसे आल्याचे दिसत होते. बालसैनिक हा बळीच असतो, हे कायद्याने कितीही योग्य असले तरी जळालेल्या घरासमोर उभे राहून ते समजावणे कठीण असते. लुबांगाच्याच संघटनेतील सेनानी बॉस्को न्टागांडा याच्या खटल्यात २०२१ मध्ये भरपाईचा आदेश झाला, तेव्हा कोठे हल्ल्यांत होरपळलेल्या लेंडू गावकऱ्यांची गणना सुरू झाली. ज्या यादवीची ही कहाणी आहे, तिचा तो काळ २००२-०३ चा.

लुबांगा प्रकरणात भरपाईची तत्त्वे ऑगस्ट २०१२ मध्ये ठरली आणि रक्कम ठरायला डिसेंबर २०१७ उजाडले. तेव्हा ४२५ पीडितांची पात्रता मान्य झाली होती; आणखी शेकडो किंवा हजारो असावेत, असे गृहीत धरून एकूण जबाबदारी एक कोटी डॉलर निश्चित करण्यात आली. तेव्हाचा दहा वर्षांचा बालसैनिक आता पंचविशीत पोहोचला होता.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात तर जे घडले ते याहून वाईट. काँगोचा माजी उपराष्ट्राध्यक्ष ज्याँ-पिएर बेंबा याच्या सैनिकांनी तेथे २००२-०३ मध्ये केलेल्या बलात्कार, खून आणि लुटीसाठी त्याला मार्च २०१६ मध्ये दोषी ठरवण्यात आले. या खटल्यात ५,२२९ पीडित सहभागी झाले होते. जून २०१८ मध्ये अपील न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी त्याची निर्दोष मुक्तता केली. सैनिकांनी अत्याचार केले याबद्दल शंका नव्हती. दूर असलेल्या सेनानीने ते रोखण्यासाठी पुरेसे केले की नाही, हा वाद होता. मुक्ततेचा निर्णय कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल, नसेल. आरोपीचे हक्क ही काही कमी महत्त्वाची गोष्ट नाही आणि संशयाचा फायदा त्याला मिळालाच पाहिजे. परंतु त्या एका निकालाने ५,२२९ माणसांचा भरपाईचा हक्क त्या दिवशी संपला. त्यानंतर पीडित निधीने आपल्या दुसऱ्या अधिकाराखाली, म्हणजे दोषसिद्धीवर अवलंबून नसलेल्या साहाय्याच्या अधिकाराखाली, तेथे कार्यक्रम सुरू केला. तो हक्क नव्हता, मदत होती. या दोहोंतला फरक हात पसरावा लागणाऱ्यालाच समजतो.

आता उत्तर युगांडाकडे वळू, कारण या न्यायालयाने तेथे आजवरचा सर्वांत मोठा आदेश दिला आहे. ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’ या बंडखोर सेनेचा सेनानी डॉमिनिक ओंग्वेन याला फेब्रुवारी २०२१ मध्ये ६१ आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. विस्थापितांच्या पाजुले, ओडेक, लुकोडी आणि आबोक या चार छावण्यांवरील हल्ले, मुलांची भरती, सक्तीचे विवाह आणि सक्तीची गर्भधारणा हे त्यांतील प्रमुख. यादवीत मुलींना ‘पत्नी’ म्हणून वाटून देण्याच्या क्रूर प्रथेला या निकालाने गुन्ह्याचे नाव दिले. लुबांगाच्या वेळी जे राहून गेले होते, ते येथे झाले.

हा ओंग्वेन स्वतः लहान मूल असताना शाळेच्या वाटेवरून त्याच सेनेने पळवून नेला होता. त्याच्या वकिलांनी ही गोष्ट वारंवार मांडली. न्यायाधीशांनी त्याची जबाबदारी कमी केली नाही. मात्र शिक्षा ठरवताना ती विचारात घेऊन जन्मठेपेऐवजी २५ वर्षांची कैद दिली. त्याला पळवून नेणाऱ्यांवर खटला चालला असता, तर तो त्यांच्या यादीत पीडित म्हणून बसला असता. उत्तर युगांडातील कित्येक कुटुंबांत एक मुलगा मारला गेलेला आणि दुसरा मारणाऱ्यांत सामील केला गेलेला, अशी स्थिती आहे. याद्यांच्या रकान्यांत ती मावत नाही. आणखी एक गोष्ट: या यादवीत युगांडाच्या सरकारी सैन्यावरही अत्याचाराचे गंभीर आरोप झाले. प्रकरण हेगकडे सोपवले ते युगांडाच्याच सरकारने, डिसेंबर २००३ मध्ये. आणि आरोप ठेवले गेले ते फक्त बंडखोरांवर. सैन्याच्या हातून ज्यांनी सोसले त्यांच्यासाठी हेगमध्ये यादीच नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने ओंग्वेनच्या पीडितांची संख्या ४९,७७२ असल्याचे मानून ५ कोटी २४ लाख युरोंची भरपाई ठरवली आणि अपिलात २०२५ मध्ये ती कायम झाली. यांपैकी प्रत्येकाला ७५० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे सदुसष्ट हजार रुपये, प्रतीकात्मक रक्कम म्हणून मिळायचे आहेत. केवळ या एका रकमेचा गुणाकार ३ कोटी ७३ लाख युरोंवर जातो. ओंग्वेनजवळ काही नाही. पीडित निधीजवळ एवढे पैसे नाहीत, कारण तो सदस्य राष्ट्रांच्या सक्तीच्या वर्गणीवर चालत नाही. त्याची भिस्त ऐच्छिक देणग्यांवर आहे आणि देणाऱ्यांत मूठभर युरोपीय देशच ठळकपणे दिसतात. न्यायालयाचा स्वतःचा वार्षिक खर्च वीस कोटी युरोंच्या घरात आहे. तो मात्र सदस्यांना भरावाच लागतो. न्यायाधीश, अभियोक्ते, दुभाषी आणि कोठड्या यांसाठी बंधनकारक वर्गणी आणि भरपाईसाठी दानपेटी, ही विभागणी रोममध्ये जमलेल्या राष्ट्रांनी डोळसपणे केली होती. वित्त विभागाशी ज्यांचा कधी संबंध आला आहे, त्यांना तिचा अर्थ सांगायला नको.

पीडितांनी स्वतःच पुढाकार घेतला तर काय होते, याचे उत्तर चाड या देशाने दिले आहे आणि तेही पुरते समाधानकारक नाही. हिसेन हाब्रे याने १९८२ ते १९९० अशी आठ वर्षे तेथे राज्य केले. त्याच्या गुप्त पोलिसांचा एक तुरुंग राजधानी एन्जामेना येथे फ्रेंच काळातील पोहण्याच्या तलावावर काँक्रीटचे छत घालून बनवला होता. चाडच्या चौकशी आयोगाने १९९२ मध्ये मृतांची संख्या चाळीस हजार असावी, असा अंदाज दिला. या तुरुंगांत दोन वर्षांहून अधिक काळ काढलेला सुलेमान गेंगेंग नावाचा एक हिशेबनीस हाब्रेच्या पतनानंतर बाहेर आला आणि त्याने सोबतच्या पीडितांचे जबाब नोंदवायला सुरुवात केली. असे ७९२ जबाब त्याने घरात दडवून ठेवले, कारण नव्या सरकारात जुन्याच यंत्रणेची माणसे अधिकारपदावर होती. यादी येथे सरकारने केली नाही, न्यायालयानेही नाही. ती एका कारकुनी वळणाच्या माणसाने केली. माझ्यासारख्याला याचे थोडे कौतुक वाटले तर वाचकांनी समजून घ्यावे.

चिलीचा पिनोशे १९९८ मध्ये लंडनला पकडला गेला, तेव्हा चाडमधील पीडितांना वाट दिसली. सेनेगलमध्ये आश्रय घेतलेल्या हाब्रेविरुद्ध त्यांनी जानेवारी २००० मध्ये डकार येथे तक्रार नोंदवली. पुढची बारा वर्षे टोलवाटोलवीत गेली. सेनेगलच्या न्यायालयांनी अधिकारक्षेत्र नाकारले, बेल्जियमने त्याचा ताबा मागितला, आफ्रिकी संघाने सेनेगलला खटला चालवण्यास सांगितले, सेनेगलने पैसे नसल्याचे सांगितले. दरम्यान २००१ मध्ये एन्जामेनातील गुप्त पोलिसांच्या पडीक कार्यालयात हजारो दस्तऐवजांचे ढीग सापडले. त्यांतून कोठडीत मेलेल्या वा मारल्या गेलेल्या १,२०८ जणांची नावे निघाली. पीडितांच्या वकील जॅकलिन मूदेना यांच्यावर त्याच वर्षी हातबाँब फेकण्यात आला. अखेर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये ‘खटला चालवा नाही तर ताबा द्या’ असे सेनेगलला बजावले आणि आफ्रिकी संघाच्या सहकार्याने डकारमध्ये विशेष न्यायालय उभे राहिले. ३० मे २०१६ रोजी हाब्रेला जन्मठेप झाली. एका देशाच्या माजी प्रमुखाला दुसऱ्या देशाच्या न्यायालयाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ होती.

या खटल्यात पीडित हे पूर्ण अर्थाने पक्षकार होते. तुरुंगवास व छळ सोसलेल्यांना प्रत्येकी दीड कोटी, तर बलात्कारपीडित स्त्रियांना दोन कोटी सीएफए फ्रँक द्यावेत, असा आदेश झाला. अपिलात, एप्रिल २०१७ मध्ये, ७,३९६ पीडितांची नावे मान्य होऊन एकूण रक्कम ८२ अब्ज फ्रँकवर गेली. ती वसूल करून वाटण्यासाठी आफ्रिकी संघाने निधी स्थापन करायचा होता. तो प्रत्यक्षात रखडत राहिला. हाब्रे ऑगस्ट २०२१ मध्ये कोविडने मरण पावला. फेब्रुवारी २०२४ मध्ये चाडच्या सरकारने दहा अब्ज फ्रँक वाटायला काढले. सुमारे १०,७०० पीडितांना प्रत्येकी ९ लाख २५ हजार फ्रँक मिळाले. छळ सोसलेल्यांसाठी ठरलेल्या रकमेच्या हे सहा टक्के होते. तोवर पीडितांपैकी शेकडो जण मरण पावले होते.

भारताचा यात संबंध काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. रोम संविधीच्या बाजूने १२० राष्ट्रांनी मत दिले, ७ राष्ट्रांनी विरोधात आणि २१ राष्ट्रे तटस्थ राहिली, त्यांत भारत होता. सुरक्षा परिषदेला प्रकरणे सोपवण्याचा आणि स्थगित करण्याचा अधिकार देणे म्हणजे पाच कायम सदस्यांना कायद्याच्या वर बसवणे होय, हा आपला मुख्य आक्षेप; अण्वस्त्रांच्या वापराला गुन्हा म्हणण्यास परिषदेने नकार दिला, हा दुसरा; आणि देशांतर्गत संघर्षांवर या न्यायालयाची नजर असावी हे आपल्याला रुचले नाही, हेही खरे. पहिल्या आक्षेपात तथ्य होते आणि नंतरच्या घटनांनी ते वाढवले आहे. त्यामुळे सदस्यत्वाचा प्रश्न आज उकरून काढावा, असे मी म्हणत नाही.

परंतु सदस्य न होताही करण्यासारखे काही असते. पूर्व काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवानांनी दोन दशके मोठी जबाबदारी सांभाळली आहे. तेथील संघर्ष आपल्या सैन्याला जेवढा जवळून माहीत आहे, तेवढा फार थोड्या देशांना असेल. शांतिसैनिकांकडूनच झालेल्या लैंगिक शोषणाच्या पीडितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी निधी उभारला, तेव्हा त्यात सर्वप्रथम पैसे घालणाऱ्यांत भारत होता. हेगच्या पीडित निधीच्या नियमांत कोणत्याही सरकारची देणगी स्वीकारण्याची मुभा आहे. सदस्यत्वाची अट नाही. न्यायालयाच्या रचनेवर आक्षेप कायम ठेवूनही त्या निधीला, आणि विशेषतः त्याच्या दोषसिद्धीशी न जोडलेल्या साहाय्य-कार्यक्रमांना, भारत मदत करू शकतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या अर्थसंकल्पात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान असेल.

दुसरे काम घरातले आहे. वंशसंहारविरोधी करार आपण १९५९ मध्ये मान्य केला. त्यानुसार कायदा करण्याचे बंधन स्वीकारले आणि कायदा आजतागायत केला नाही. दिल्लीतील १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातील एका प्रकरणात १७ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही उणीव तातडीने दूर व्हायला हवी, असे स्पष्ट नोंदवले. त्यानंतर संपूर्ण दंडसंहिता नव्याने लिहिली गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ती उणीव तशीच राहिली.

गंमत अशी की भरपाईच्या बाबतीत आपला कायदा हेगच्या पुढे आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ पासून अमलात आलेल्या ३५७-अ या कलमाने पीडित भरपाई योजना आणली. गुन्हेगाराचा माग लागला नाही, त्याची ओळख पटली नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडिताला विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६व्या कलमात ती तरतूद कायम आहे. पीडिताचा हक्क आरोपीच्या नशिबाशी बांधू नये, हे तत्त्व रोमच्या संविधीत नाही; आपल्या कायद्याच्या पुस्तकात ते आहे. अंमलबजावणीबद्दल बोलायचे तर राज्याराज्यांच्या योजनांतील रकमा वेगवेगळ्या आहेत आणि या कलमाची माहिती पोलीस ठाण्यात पीडिताला कोणी आपणहून देतो, असा अनुभव विरळा. सामूहिक हिंसाचारानंतर भरपाई आजही बहुधा सरकारच्या तात्कालिक घोषणेने मिळते आणि दर घटनेगणिक तिचा दर बदलतो. सामूहिक हिंसाचाराला गुन्हा म्हणून नाव देणारा कायदा आणि ३५७-अ मधील हे तत्त्व एकत्र आणले, तर हेगच्या न्यायाधीशांना जे जमवता आलेले नाही, त्याचा नमुना आपल्याकडून जाऊ शकेल. संसदेच्या विधी व न्यायविषयक स्थायी समितीने हा विषय हाती घ्यायला हरकत नसावी.

तूर्त उत्तर युगांडातील काम सुरू आहे. कोणाला आधी पैसे द्यायचे, याचा क्रम न्यायालयाने घालून दिला आहे. वृद्ध, आजारी आणि तातडीच्या उपचारांची गरज असलेले आधी. बाकीचे, पैसे जमतील तसतसे. डॉमिनिक ओंग्वेन डिसेंबर २०२३ पासून नॉर्वेतील तुरुंगात आहे आणि त्याच्या शिक्षेची पंचवीस वर्षे जानेवारी २०४० मध्ये पूर्ण होतील. यादीतील पन्नासाव्या हजारच्या आसपासचे नाव तोवर पुकारले जाईल की नाही, हे पीडित निधीच्या खात्यात वर्षाला किती देणग्या जमतात यावर ठरेल.